धावाल तर फाउल!



गेल्या अंकात आम्ही खिडकीतल्या कढीपत्त्याविषयी लिहिले, त्यावर तिघांचे फोन आले. झाड जगले आहे. पाने मात्र मागू नयेत. या खेपेला फुटबॉलवर लिहितो आहोत असे म्हटल्यावर सौ.ने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "तुम्हांला हो काय कळतं त्यातलं?" १९७८ साली लग्न होऊन मँचेस्टरला उतरल्यापासून हा प्रश्न तिने आम्हांला अनेक विषयांत विचारला आहे आणि बहुधा तो रास्तच असतो. आम्ही साताऱ्याचे. कोल्हापूरचे असतो तर गोष्ट वेगळी. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरी जेवायला माणूस सापडत नाही. आम्ही शाळेत खो-खो खेळलो, तोही रांगेत बसून राहण्यापुरता.

तरीही गेली दोन वर्षे दर गुरुवारी सकाळी आम्ही इथल्या लेझर सेंटरच्या हॉलमध्ये फुटबॉल खेळतो. वय वर्षे ७३.

हा चालण्याचा फुटबॉल. वॉकिंग फुटबॉल म्हणतात त्याला. २०११ साली चेस्टरफील्ड क्लबच्या ट्रस्टने पन्नाशी उलटलेल्या मंडळींसाठी तो सुरू केला, आणि २०१४ साली एका बँकेच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसल्यावर देशभर पसरला. नियम सोपे. एक पाय सतत जमिनीवर टेकलेला हवा. चेंडू जवळ असो वा नसो, धावायचे नाही. धावलात तर फाउल, आणि चेंडू समोरच्या संघाला. अंगावर जाऊन धक्काबुक्की नाही, चेंडू डोक्यावरून उडवायचा नाही. वाचताना हे पेन्शनरांच्या फेरफटक्यासारखे वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत आम्ही भिंतीला टेकून उभे होतो, आणि त्या दहा मिनिटांत आमच्यावर चार फाउल झाले होते. चेंडू पुढून जातो आहे आणि आपण पळायचे नाही, हे पायांना समजावणे फार अवघड हो!

आमच्या संघात बाराजण आहेत. एक निवृत्त बसड्रायव्हर, एक शाळेचा हेडमास्तर, जमैकाचे दोघे भाऊ, एक पंजाबी सरदारजी आणि एक चित्रकार. बारांपैकी सातजण कॅन्सरमधून उठलेले. आम्ही त्या सातांतले.

हे वाक्य लिहायला आम्हांला चार वर्षे लागली.

आधी चित्रकाराविषयी. तो इथलाच, सॅल्फर्डकडचा. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि हौस म्हणून फुटबॉलपटूंचे चेहरे काढले. २०१८ साली त्याचे आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून पोटाला पिशवी आहे. ती शर्टाखाली सावरून तो डाव्या बाजूला खेळतो, आणि खेळ संपला की चहाच्या टेबलाशी कोळशाची कांडी काढून कोणाला तरी समोर बसवतो.

फुटबॉलपटूंच्या चेहऱ्यांची या देशात एक जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सिगारेटच्या पाकिटातून खेळाडूंची कार्डे निघत. पुढे छातीपर्यंतचे चित्र, मागे त्याची माहिती. नंतर पानिनीचे स्टिकर आले. आमच्या चिरंजिवांनी त्या आल्बमपायी आमच्याकडून किती सुटे पैसे उकळले याचा हिशेब नाही. आमचा चित्रकार नेमके तेच करतो, फक्त मोठ्या कागदावर. छातीपर्यंतचा माणूस, संघाचा शर्ट, हाताची घडी, नजर सरळ समोर. आणि मागच्या बाजूला रंगाऱ्याच्या सुबक अक्षरांत माहिती. मात्र गोल आणि सामने यांच्याबरोबर दुसरेही आकडे. त्याच्या स्वतःच्या चित्रामागे आहे : "जागा : लेफ्ट बॅक. ऑपरेशन : २०१८. पिशव्या : एक. गोल : चार (त्यांतला एक चुकून)."

त्याला आम्ही विचारले, माणसे चालताहेत असे चित्र काढायचे सोडून नुसते चेहरे का? तर म्हणाला, "चालणारे लाउरीने काढून ठेवलेत." एल. एस. लाउरीचे 'गोइंग टू द मॅच' हे १९५३चे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नसेल तर सॅल्फर्डला लाउरी गॅलरीत जाऊन पाहा. बोल्टनच्या बर्नडन पार्कवर सामन्याला निघालेली गर्दी. काडीसारखी माणसे, सगळी पुढे झुकलेली, सगळी पायी. फुटबॉलचे इतके प्रसिद्ध चित्र, आणि त्यात खेळ दिसतच नाही. २०२२ साली गॅलरीने ते लिलावात ७८ लाख पौंडांना घेतले. आमचा गडी म्हणतो, वॉकिंग फुटबॉलचे पहिले चित्र तेच. पण त्यात एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. त्याला चेहरे हवे होते.

माझी पाळी आली तेव्हा आम्ही बसलो (पाहा, 'मी' आणि 'आम्ही' यांचा घोळ झाला, राहू द्या). पाऊण तास कोणी आपल्याकडे इतके टक लावून पाहिलेले नव्हते. लग्नाच्या वेळी दाखवायला गेलो होतो तेव्हासुद्धा नाही. शेवटी त्याने कागद उलटला आणि विचारले, "मागे काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "नाव लिही. जागा लिही, राइट बॅक. बाकी कोरं ठेव."

त्याने ठेवले. एक शब्दही बोलला नाही. फक्त गाडीकडे जाताना बॉबी मूरची गोष्ट सांगितली. १९६६ साली विश्वचषक उंचावणारा इंग्लंडचा कर्णधार. सहकाऱ्यांच्या खांद्यांवर बसलेला, हातात चषक. या देशात याहून जास्त वेळा छापलेला फुटबॉलचा फोटो क्वचितच असेल. वेम्ब्लीबाहेर त्याचा पुतळाही आहे. तर त्या फोटोच्या दोनच वर्षे आधी, १९६४ साली, त्याच्यावर वृषणाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली होती. लोकांना ते तो असेपर्यंत कळलेच नाही. १९९३ साली आतड्याच्या कॅन्सरने तो गेला, अवघ्या ५१व्या वर्षी, आणि मग केव्हातरी ती जुनी गोष्ट बाहेर आली. "इतक्या वेळा काढला मी त्याला," चित्रकार म्हणाला, "आणि मला ठाऊक नव्हतं कोणाला काढतोय."

आता आमचे. २०२१ साली प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. चार आठवडे रेडिओथेरपी, शनिवार-रविवार सोडून रोज. मग दोन वर्षे दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचे इंजेक्शन. हे इंजेक्शन पुरुषाच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन खाली आणते, कारण या कॅन्सरला तेच खतपाणी मिळते. त्याबरोबर स्नायू उतरतात, चरबी चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि भर थंडीत एकदम घामाने चिंब व्हायला होते. सौ. पंखा हातात देऊन म्हणाली, "आता कळलं? पन्नाशीत मी काय सोसलं ते?" कळले.

आणि वजन वाढले. २०२२च्या गणपतीत मंडळातल्या निदान पाचजणांनी पाठीवर थाप मारून सांगितले, "तब्येत छान सुधारली हं!" आम्ही हसलो, आणखी एक मोदक घेतला.

इथल्या नर्सबाईंनी व्यायामाचा धोशा लावला नसता तर आम्ही त्या हॉलमध्ये पाऊल टाकले नसते. त्यांनीच डेन्मार्कची हकीकत सांगितली. कोपनहेगनच्या संशोधकांनी हेच इंजेक्शन घेणाऱ्या ५७ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून दोन-तीनदा फुटबॉल खेळायला लावले, दुसऱ्याला नेहमीसारखे राहू दिले. १२ आठवड्यांनी खेळणाऱ्यांचे स्नायू वाढलेले आणि पायांत जोर आलेला होता. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. त्या संघाचे नाव एफसी प्रोस्टेट! अर्थात ते लोक धावत होते आणि त्यांत काहींना दुखापतीही झाल्या. आमचा मामला चालण्याचा, तेव्हा तितकाच फायदा होतो असे आम्ही छातीठोक सांगणार नाही. जिना चढताना कठडा धरावा लागत नाही, एवढे खरे.

कोरी पाठ का ठेवली ते आता सांगतो. आमचे थोरले बंधू २००९ साली साताऱ्यात गेले. मणक्याचे दुखणे, एवढेच आम्हांला कळवले होते. आमचे निदान झाल्यावर धीर करून पुतण्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, बाबांना पण हेच होतं. तिथूनच मणक्यात गेलं. तुम्हांला सांगू नका म्हणाले होते. तुम्ही लांब, उगाच जिवाला घोर."

वडिलांना किंवा भावाला हा आजार झालेला असेल तर आपला धोका सुमारे अडीच पटींनी वाढतो. या देशात एरवी आठांत एका पुरुषाला तो होतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी बायकांना जसे तपासणीचे बोलावणे येते तसे यासाठी सर्व पुरुषांना येत नाही. आपण होऊन जीपीला विचारावे लागते. पन्नाशीनंतर पीएसएची रक्ततपासणी मागता येते, आणि घरात कोणाला झालेला असेल तर पंचेचाळिसाव्या वर्षीच जीपीशी बोलावे असे सांगतात. ती तपासणी अचूक नाही, कधी नसलेली भीती दाखवते, कधी असलेले लपवते. तेही जीपी सांगतो. पण भावाचे आम्हांला २००९ साली ठाऊक असते तर २०२१पर्यंत आम्ही खासच थांबलो नसतो. बंधूंचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग कुठे नेऊन ठेवायचा?

आणि एवढे होऊन आम्ही काय केले? आमच्या लीड्सच्या चिरंजिवांना सांगितले, "प्रोस्टेट जरा वाढलंय, या वयात होतं." चिरंजीव यंदा पंचेचाळीस पूर्ण झाले.

बॉबी मूरच्या गोष्टीनंतर दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी सौ.नेच फोन लावून आमच्या हातात दिला. आम्ही स्वतःचे सांगितले, बंधूंचे सांगितले. पलीकडे शांतता. मग, "आईला माहीत होतं?"

"होतं."

"बाबा, चार वर्षं!" आणि फोन बंद. आठ दिवस बंद. नवव्या दिवशी स्वारी दारात उभी, एकटीच. जेवणे झाल्यावर आम्हां दोघांना समोर बसवून तारखा, औषधे, पीएसएचे आकडे, सगळे वहीत उतरवून घेतले. आवाज चढला, डोळे भरले, सौ.ने सोलकढी पुढे केली. पुढल्याच आठवड्यात त्याने जीपी गाठला. आकडा कळल्यावर फोन केला. तो आकडा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवला आहे. पुन्हा केव्हा तपासायचे तेही.

त्यानंतरच्या गुरुवारी चित्रकाराला म्हटले, पाठ पूर्ण कर.

गेल्या महिन्यात ती बारा चित्रे लेझर सेंटरच्या पोहण्याच्या तलावाकडे जाणाऱ्या बोळात लागली. दोऱ्यांवर टांगली आहेत, म्हणजे उलटून मागचे वाचता येते. सौ. पाहायला आली होती. समोरून पाहून म्हणाली, "नाक मोठं काढलंय." मग उलटून वाचले. पदराने कोपऱ्यावरचा कोळशाचा डाग पुसायला गेली, तो आणखी पसरला, आणि चित्रकार हसत सुटला.

गेल्या रविवारी मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला. ते नातवाला पोहायला नेतात. पाऊस, मंडळाची वर्गणी, बासमतीचे भाव, सगळे झाले. फोन ठेवणार, तोच म्हणाले, "तुमचं ते चित्र... मागचं वाचलं हो."

"बरं."

"माझंही गेल्या वर्षी झालं. घरात सोडून कोणाला ठाऊक नाही." मग बराच वेळ काही नाही. "गुरुवारी किती वाजता असतं तुमचं ते?"

"साडेदहाला," आम्ही म्हणालो. "बूट आपले आपण आणायचे. तळ पांढरा हवा, काळ्याचे डाग पडतात म्हणून हॉलवाला ओरडतो."