दंड मोठा, वसुली अनिश्चित

नवी दिल्ली : द्वारका उपनगरातील सेक्टर १० मधील जिल्हा न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी वाहनचालकांची रीघ लागते. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावरून घेतलेली चलनाची छापील प्रत सादर करायची, न्यायासनाने ठरविलेली, बहुधा मूळ दंडाहून कमी असलेली रक्कम भरायची आणि प्रकरण निकाली काढायचे, अशी ही पद्धत आहे. या निवाड्यावर अपील करता येत नाही.

मोटार वाहन कायद्यातील सुधारणा १ सप्टेंबर २०१९ रोजी अमलात आल्या. विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेला. मद्यपान करून प्रथमच वाहन चालविणाऱ्यास पूर्वी २,००० रुपयांपर्यंत दंड होत असे. आता तो दंड १०,००० रुपये झाला. जबर दंडामुळे धाक निर्माण होईल, ही त्यामागची भूमिका होती.

राज्यांनी मात्र ती एकमुखाने स्वीकारली नाही. गुजरातने त्याच महिन्यात अनेक दंड कमी केले. महाराष्ट्राने अंमलबजावणी रोखून धरली. तेथे सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. दरम्यान, देशातील रस्ते अपघातांत २०१९ मध्ये १,५१,११३, तर २०२२ मध्ये १,६८,४९१ जणांचा बळी गेला. रस्त्यांची रचना, वाहनांची वाढती संख्या अशी इतर कारणे असली, तरी केवळ दंडवाढ पुरेशी नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

सर्वच गुन्ह्यांत तडजोडीची मुभा नाही. मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यास दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागते. पहिल्या गुन्ह्यास दंड, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्ह्याची पुनरावृत्ती झाल्यास कारावासाची मर्यादा दोन वर्षे आहे.

प्रश्न आहे तो किरकोळ गुन्ह्यांच्या थकीत चलनांचा. लोकअदालतीमुळे न्यायालयांवरील ताण हलका होतो आणि गरीब वाहनचालकास दिलासा मिळतो, हे खरे. परंतु वेळेवर पूर्ण दंड भरणाऱ्यास कोणतीही सवलत नसते. थांबून राहणाऱ्यास ती मिळते. ही विसंगती कायम राहिल्यास दंडाचा आकडा कितीही वाढविला, तरी त्याचा धाक कागदावरच राहील. वाहनचालकास शिस्त लागते ती दंडाच्या रकमेपेक्षा तो चुकणार नाही या खात्रीमुळे.