विचित्र माणसांच्या घरी गेलेली पत्रकार



ओशो रजनीशांचं नाव आपल्या घरांतून दोनच प्रकारे घेतलं जातं. एक तर आवाज खाली करून, नाहीतर "ते मूळचे आपल्यातलेच बरं का" असं जरा कौतुकाने. मूळचे आपल्यातले हे खरंच आहे. 1931 साली मध्य प्रदेशातल्या कुचवाड्याला जन्म, घर तारणपंथी दिगंबर जैन, घरचं नाव चंद्रमोहन. तारणपंथी म्हणजे आपल्या स्थानकवासींसारखेच मूर्ती न पूजणारे. माझ्या सासूबाईंच्या कपाटात त्यांचं महावीरांवरच्या प्रवचनांचं जुनं हिंदी पुस्तक अजून आहे. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर आहे, पाहुण्यांना कळू नये म्हणून.

त्यांच्या लोकांबद्दल मी नुकतंच एक पुस्तक वाचलं. लिहिणारी भक्त नाही आणि शत्रूही नाही. फ्रान्सिस फिट्झगेराल्ड ही अमेरिकेतली नावाजलेली पत्रकार. 1986 मध्ये तिचं 'सिटीज ऑन अ हिल' आलं. चार प्रकारच्या लोकांकडे ती गेली, ज्यांनी बाकीच्या समाजापासून बाजूला होऊन आपली वेगळीच वस्ती केली होती. सॅन फ्रान्सिस्कोतला समलिंगी लोकांचा मोहल्ला, व्हर्जिनियातल्या एका कडव्या ख्रिस्ती धर्मगुरूचं चर्च, फ्लोरिडातलं निवृत्त लोकांचं गाव, आणि ओरेगनमधलं रजनीशपुरम.

यातलं मला सगळ्यात विचित्र वाटलेलं गाव कुठलं, सांगू? निवृत्तांचं! नवी घरं, गोल्फचं मैदान, सगळ्या सोयी, आणि गावात लहान मूल नाही. कोणाच्या अंगणात दुपटी वाळत घातलेली नाहीत, "आजी, भूक लागली" म्हणणारं कोणी नाही. अमेरिकेत त्यात कोणाला वावगं वाटत नाही. चार पिढ्या एका छताखाली बघितलेल्या मला मात्र रजनीशांच्या लाल कपड्यांपेक्षा तेच जास्त चमत्कारिक वाटलं. पुण्याकडे आता ज्येष्ठांसाठीच्या सोसायट्या झाल्यात, म्हणजे दहा वर्षांनी बहुधा तेही विचित्र वाटणार नाही.

रजनीशपुरमची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. 1974 पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम होता. भगव्या-लाल कपड्यांतले, गळ्यात गुरूच्या फोटोची माळ घातलेले गोरे लोक बघून पुणेकर कुजबुजायचे. 1981 मध्ये मंडळी अमेरिकेत गेली आणि ओरेगन राज्यात सुमारे 64,000 एकरांचं उजाड रान विकत घेतलं. शेजारचं अँटेलोप गाव जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीचं. या नव्या लोकांत वकील होते, मानसशास्त्रज्ञ होते, चांगल्या घरचे शिकलेले स्त्रीपुरुष होते. त्यांनी बंधारा बांधला, भाजीपाला पिकवला, रस्ते केले. दिवसाचे बारा-बारा तास काम, आणि त्या कामाला ते 'पूजा' म्हणत. स्वयंपाक शुद्ध शाकाहारी. खात्यांचा कारभार बहुतेक बायकांच्या हातात, त्यांना तिथं 'मॉम' म्हणत. सगळ्यांच्या वर बडोद्याच्या पटेलांची मुलगी, मा आनंद शीला.

वाचताना गंमत वाटते, कारण आपल्या कुठल्याही मोठ्या चातुर्मासाची व्यवस्था आठवते. तोच उत्साह, तीच कामाची वाटणी, तीच रुसवेफुगवी. फिट्झगेराल्डने या लोकांची टर उडवली नाही. चांगली नोकरी, घरदार सोडून तू इथं मातीत का राबतेस, हे तिने समजून घ्यायचा प्रयत्न केला. गोऱ्या अमेरिकनांना तिने हेही सांगितलं की तुमचे पूर्वजसुद्धा असेच सगळ्यांपासून वेगळं, पवित्र गाव वसवायला समुद्र ओलांडून आले होते, आणि 1630 मध्ये त्यांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप 'डोंगरावरचं नगर' म्हणाला तो हेच. पुस्तकाचं नाव तिथूनच आलंय.

इथवर सगळं छान. पण 1984 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जवळच्या द डॅल्स या शहरात 751 माणसं आजारी पडली. जुलाब, उलट्या, ताप. दहा हॉटेलांतल्या सॅलडमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कोशिंबिरीत, साल्मोनेलाचे जंतू होते. आरोग्य खात्याला आधी वाटलं, वाढणाऱ्यांनी हात नीट धुतले नसतील. पुढे निष्पन्न झालं की ते जंतू रजनीशपुरममधल्या शीलाच्या गटाने मुद्दाम टाकले होते. नोव्हेंबरच्या स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरी आजारी पडून राहावेत म्हणून! कोणी दगावलं नाही हे नशीब. त्याच निवडणुकीसाठी देशभरातून हजारो बेघर माणसं बसमधून आणून ठेवली होती, आणि काम झालं नाही तेव्हा त्यातल्या बहुतेकांना वाऱ्यावर सोडलं. 1985 च्या सप्टेंबरात शीला पळाली, नोव्हेंबरात रजनीशांना देश सोडावा लागला.

मुंगीला जपणारे, मांस न खाणारे लोक कोशिंबिरीत विष कालवू शकतात! ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

मला या पत्रकार बाईचं पटलं ते इथं. तिने विषाची गोष्ट झाकली नाही, आणि विष निघालं म्हणून तिथं मनापासून राबलेल्या साध्या माणसांना राक्षसही केलं नाही. हजारो जणांना त्या कटाचा पत्ताच नव्हता. दुसरीकडे 'द ओरेगोनियन' या तिथल्या दैनिकाने 1985 मध्ये या पंथाचे व्यवहार खणून काढत वीस भागांची मालिका छापली. माणसाजवळ बसणारा पत्रकार आणि वही तपासणारा पत्रकार, हे दोघं एकाच माणसात क्वचित सापडतात. आपल्या मराठीत अनिल अवचट पहिल्या प्रकारचे. डॉक्टरकी शिकलेला हा माणूस हमालांजवळ, विडी-तंबाखूच्या कामातल्या बायांजवळ, वाघ्या-मुरळीजवळ जाऊन बसला आणि त्यांचं ऐकून साध्या भाषेत लिहीत राहिला. 'अमेरिका' नावाचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. 2022 मध्ये ते गेले. तसं बसणारं आता फारसं कोणी दिसत नाही.

जवळ जाऊन बसलं नाही की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भोकरदन तालुक्यातलं जाळीचा देव. महानुभाव पंथाचं हे मोठं ठाणं, तिथं जाऊन आलेल्या तुमच्यात बऱ्याच जणी असतील. चक्रधरस्वामींचा हा पंथ, अहिंसा पाळणारा, मांसाला न शिवणारा. मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य, 'लीळाचरित्र', याच लोकांनी लिहिलं आणि जपलं. पण त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले, साधू काळे कपडे घालत. मग लोकांनी ठरवूनच टाकलं की हे काहीतरी काळंबेरं करणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपी उलगडली, तेव्हा आत निघालं काय? भक्ती, आचारधर्म आणि गोड मराठी. तोवर भाषेत एक शब्द रुजून गेला होता. आपण गोड बोलून फसवणाऱ्याला 'मानभावी' म्हणतो ना, तो 'मानभाव' म्हणजे महानुभावच. जाळीच्या देवाहून आलेल्या बाईशेजारी बसून आपण सहज कोणाला तरी मानभावी म्हणून जातो.

आता आपल्याकडे वळते, कारण बाहेरच्यांना आपणही काही कमी विचित्र नाही. केशलोच, मासखमण, तोंडावरची मुहपत्ती, वीस वर्षांच्या मुलीची दीक्षा, संथारा. स्कॉटिश लेखक-पत्रकार विल्यम डॅलरिंपल यांचं 'नाइन लाइव्हज' 2009 मध्ये आलं, त्यातली पहिलीच गोष्ट श्रवणबेळगोळला भेटलेल्या एका दिगंबर साध्वींची आहे. सोबतीण साध्वीने सल्लेखना घेऊन देह ठेवला, त्या आठवणीने या रडतात. सगळा मोह सोडलेली साध्वी मैत्रिणीसाठी रडते! आपल्यातल्या काहींना हे छापायला नको होतं असं वाटतं. मला वाटतं, आपल्या साध्वीजींचं इतकं खरं चित्र आपल्या स्मरणिकांत एकदाही आलेलं नाही. स्मरणिकेत सगळ्या साध्वी सारख्याच दिसतात.

याउलट 10 ऑगस्ट 2015 ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या असं ठरवलं, तेव्हाचं टीव्हीवरचं आठवा. ओरडणारे चार जण, आणि संथारा घेतलेल्या एखाद्या आजींच्या उशाशी बसलेली सून त्यात एकही नाही. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा आपण मोर्चे थांबवले, पण बोलायचं तेही थांबवलं. तेव्हापासून पत्रकार दिसला की समितीची माणसं पुढे होतात, हातात छापील पत्रक देतात, आणि बायका आत जातात.

हे मला मान्य नाही. आणि फक्त प्रतिमेसाठी मी हे म्हणत नाही. 2016 मध्ये हैदराबादला 13 वर्षांच्या मुलीने 68 दिवसांचा उपवास केला आणि त्यानंतर ती गेली. पोलिसांत तक्रार झाली, देशभर बातम्या आल्या. आपल्याकडे बोलणं झालं ते "मीडियाला आपल्या धर्माचंच पडलंय" एवढंच. पण तपाच्या चाळिसाव्या दिवशी एखादी परकी बाई त्या पोरीजवळ शांत बसून "तुला कसं वाटतंय गं?" असं विचारती तर? अनुमोदनेला येणाऱ्या आपण सगळ्या तर फक्त "धन्य धन्य" म्हणत असतो. आपण म्हणालो नाही ते परक्याने विचारलं, तर त्याला धर्मद्वेष्टा म्हणायची घाई का?

टिंगल करायला येणारे येतात, हे मला ठाऊक आहे. साध्वीजींच्या केशलोचाचा व्हिडिओ काढून खाली हसणारी चित्रं टाकणारे असतात, त्यांना दारातूनच परत पाठवावं. पण टिंगल करणारा घाईत असतो, तो अर्ध्या तासात जातो. जो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, वही काढायच्या आधी पायऱ्यांवर बसतो, "गोचरी म्हणजे काय" असं विचारून उत्तर पूर्ण ऐकून घेतो, तो वेगळा. त्याने हिशेबही विचारावेत. वरघोड्याला खर्च किती, बोली कोणी लावली, मुलीचं शिक्षण किती, वय किती. ओरेगनमध्ये हेच प्रश्न वेळेवर विचारले जात असते तर 751 माणसं अंथरुणाला खिळली नसती, आणि तिथं प्रामाणिकपणे बंधारा बांधणाऱ्यांच्या नावालाही काळिमा लागला नसता.

म्हणून येत्या चातुर्मासासाठी एक सुचवते. जालन्यात किंवा आसपास कुठे दीक्षा असेल, मोठी तपस्या असेल आणि कोणी पत्रकार आला, तर त्याला मंडपात पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ देऊ नका. स्थानकाच्या मागच्या खोलीत, जिथं त्या मुलीची आई बसलेली असते, तिथं न्या. सूर्यास्ताआधी आला असेल तर चहा द्या. आणि समितीच्या माणसांना घेऊन आपण बाहेर या.