अ‍ॅफेलियनची सर्दी

जुलै उजाडला की माहीममधले सुशिक्षित मोबाइल तापाने फणफणतात. संदेश दरवर्षी तोच. उद्या पहाटेपासून पृथ्वी सूर्यापासून लांब चालली, याला अ‍ॅफेलियन म्हणतात, ऑगस्टपर्यंत कधी नव्हे एवढी थंडी, घसे धरतील, अंग ठणकेल, गरम पाणी प्या. पाठवणारा कोण? बी.एस्सी., निवृत्त, सोसायटीचा माजी सेक्रेटरी. बुवाबाबांचा कट्टर वैरी. त्याला प्रत्येक गोष्टीमागे ‘शास्त्रीय कारण’ लागतं, आणि एकदा लागलं की मग ते खरं असायची गरज उरत नाही.

त्यातला गणिती भाग तर जपून ठेवण्याजोगा. म्हणे एरवी सूर्य 9 कोटी किलोमीटरवर असतो, आता 15.2 कोटींवर जाणार. अहो, शुक्र 10.8 कोटींवर फिरतो! म्हणजे वर्षभर आपण शुक्राच्याही आत, सूर्याच्या मांडीवर बसून, सिटीलाइटच्या बाजारात पापलेटचा भाव पाडत असतो. सरासरी अंतर सुमारे 9.3 कोटी आहे खरं, पण मैल. कुणीतरी मैलांना किलोमीटर केलं आणि ब्रह्मांड आटवलं.

खरा हिशेब एवढाच: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य 14.7 कोटी किलोमीटरवर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात 15.2. अंतरात तीन-साडेतीन टक्के, मिळणाऱ्या उष्णतेत सातेक टक्के फरक. आणि जवळ कधी? जानेवारीत! ज्या जानेवारीत हेच गृहस्थ माकडटोपी चढवून माहीमच्या चौपाटीवर फेऱ्या मारतात आणि मेलबर्नचे चिरंजीव अर्ध्या चड्डीत घामाघूम फोटो धाडतात. सूर्य तोच, अंतर तेच, तारीख तीच. बापाला लोकर, लेकाला चड्डी. हा कौटुंबिक पुरावा घरात असताना माणूस अंतराचं पुराण लावतो, याला काय म्हणावं?

अंतर नव्हे हो, कल. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश तिरका आहे, म्हणून सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, सहा महिने दक्षिण. शाळेत पाठ केलं, मार्क मिळवले, सोडून दिलं.

पण कलाचंही कौतुक माहीमकरांनी बेतानंच करावं. आपण 19 अंशांवर. सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. एवढ्याशा फरकावर लंडनकर हसेल. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्याला दुपारी साडेबारानंतर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बघा, सावली पायाशी गोळा होऊन नाहीशी होते. तोच प्रयोग पुन्हा जुलैच्या 27-28 तारखेला. मग त्या दिवशीही मेइतकंच भाजायला हवं की नाही? भाजत नाही. कारण खांबाची सावली सोडाच, सूर्यच दिसत नाही. वर ढगांचं गोदाम. खाली मीठ बरणीत पाणी धरतंय, टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला.

इथे खगोल संपतो आणि हवा सुरू होते, आणि आमच्या विद्वानांचा उत्साह नेमका इथेच मावळतो. कलामुळे सूर्य उत्तरेला सरकतो, जमीन तापते, कमी दाबाचा पट्टा त्याच्या मागोमाग वर येतो. विषुववृत्तापलीकडचे वारे त्याच्याकडे धावतात, वाटेत पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, आणि अरबी समुद्राची वाफ लादून नैऋत्येकडून आपल्या खिडक्यांवर आदळतात. सूर्य नुसतं आमंत्रण धाडतो. पाहुणे कधी टपकतील हे हवा ठरवते. मुंबईचा मुहूर्त 11 जूनचा. 2025 साली मान्सून 26 मे रोजीच दारात. तेव्हा माहीमच्या कट्ट्यावर निदान झालं, “आस सरकलाय.” अहो, सरकतो तो! 22.1 ते 24.5 अंशांच्या दरम्यान, आणि त्या झोक्याला 41,000 वर्षं लागतात. तुमच्या छत्रीदुरुस्तीच्या वेळापत्रकाशी त्याला कर्तव्य नाही.

आता त्यांना एकच विचारा. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, कुलाब्याला 74. एकच शहर, मध्ये फार तर वीस-पंचवीस किलोमीटर. आसाचा कल दोन्हीकडे सारखा, सूर्यापासूनचं अंतर सारखं. उपनगरांवर ढगांचे मनोरे उभे राहिले आणि तिथल्या तिथे रिते झाले. मिठी नदी फुगून माहीमच्या खाडीकडे निघाली, तर समोरून भरती. याचं अ‍ॅफेलियनी स्पष्टीकरण काय? की सांताक्रूझ सूर्यापासून जरा जास्त लांब पडतं?

त्यांच्यापेक्षा मला आमचं पंचांग परवडलं. तिथे पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजा, 9 ने भागा, बाकी उरेल तो प्राणी. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर धो धो. कोल्हा, मेंढा आला तर ओढ. त्या दिवशी सूर्य पुष्यात होता, आणि एकाच पुष्याला सांताक्रूझपुरता हत्ती नि कुलाब्यापुरता मेंढा जुंपायची सोय पंचांगातही नाही. म्हणजे हेही सपशेल नापास. पण त्यातला बेडूक आपल्या नावापुढे बी.एस्सी. लावत नाही, आणि नासाच्या हवाल्याने तर मुळीच डरावत नाही.