विश्लेषण : ७० तास राबूनही काम ५६ तासांइतकेच का होते?

‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये ‘एल अँड टी’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन यांनी हा आकडा ९० वर नेला. तेव्हापासून चर्चा तासांभोवतीच फिरते आहे. त्या तासांत नेमके काय करायचे, याचा विचार कोणी आणि कधी करायचा, हा प्रश्न मागेच राहिला.

युद्धकाळातील नोंदी काय सांगतात?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांत कामाचे तास बेसुमार वाढले, रविवारची सुट्टीही अनेक ठिकाणी गेली. कामगारांच्या प्रकृतीवरील परिणाम तपासण्यासाठी सरकारने १९१५ मध्ये समिती नेमली. तिच्यासाठी तपासनीसांनी कामाचे तास आणि तयार झालेला माल यांच्या नोंदी केल्या. त्यात बहुतांश महिला कामगार होत्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ मध्ये याच नोंदी नव्याने तपासल्या. साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात माल वाढत होता. त्यापुढे वाढीचा वेग मंदावला. ७० तासांतील उत्पादन ५६ तासांतील उत्पादनापेक्षा फारसे वेगळे नव्हते. म्हणजे वरचे १४ तास जवळपास वाया! तेही मोजून दाखवता येणाऱ्या, यंत्रावरच्या कामात.

‘टोयोटा’ने काय केले?

धावपळ म्हणजे काम नव्हे, हे कारखान्यात अमलात आणणारे ठळक नाव म्हणजे ‘टोयोटा’चे अभियंते ताइइची ओनो. कारखान्याच्या फरशीवर खडूने वर्तुळ काढून ते अभियंत्याला त्यात तासन् तास उभे करत. काम फक्त पाहण्याचे : कुठे माल अडतो, कुठे कामगाराला उगाच वाकावे लागते. रिकामा उभा असलेला अभियंता एरवी कोणत्या साहेबाला खपला असता? दोष दिसला तर साध्या कामगारालाही उत्पादन थांबवण्याची मुभा होती. गरजेपेक्षा जास्त माल बनवणे हा ओनो यांच्या मते सर्वांत मोठा अपव्यय. सगळे कामात असतात, त्यामुळे तो लवकर लक्षातही येत नाही.

कार्यालयांत चित्र वेगळे आहे का?

तिथे तर तयार नग मोजता येत नाहीत. मग ई-मेलला दिलेली तत्पर उत्तरे, लागोपाठच्या बैठका, रात्री उशिरापर्यंतची ‘ऑनलाइन’ उपस्थिती हेच मोजमाप होते. अमेरिकी लेखक कॅल न्यूपोर्ट याला आभासी उत्पादकता म्हणतात. दोन तास दार लावून पुढच्या तिमाहीचा आराखडा करणारा कर्मचारी या मोजपट्टीवर कामचुकार ठरतो.

महाराष्ट्राशी संबंध काय?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. ४८ तासांची साप्ताहिक चौकट कायम ठेवली, पण तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक आहे. तिमाहीचे १३ आठवडे धरले तर हे जादा काम आठवड्याला सरासरी ११ तास होते. ४८ मध्ये ते मिळवले की ५९. दारूगोळा कारखान्यांतील उत्पादनाचा वेग मंदावला, तो ४९ च्या आसपास.