आधी मोजू या, मोटर नंतर

विज्ञान प्रदर्शन कोणत्याही तालुक्याचे असो, त्यात 'स्वयंचलित सिंचन' हा प्रकल्प असतोच. थर्माकोलवर हिरवा कागद, एक कुंडी, मातीत खोचलेला दोन दात्यांचा सेन्सर आणि शेजारी पाण्यात बुडवलेला छोटा पंप. पाहुणे आले की मुलगा सेन्सर मातीतून उपटून हवेत धरतो. रिले टक् करतो, पंप सुरू होतो. परत मातीत खोचला की पंप बंद. पाहुणे मान डोलावतात, फोटो निघतो आणि सगळे पुढच्या टेबलाकडे सरकतात.

मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. पण प्रदर्शनाचे मराठी फलक लिहून देण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते आणि फलक लिहायचा तर आधी प्रकल्प समजून घ्यावा लागतो. (फलकावर 'संवेदक' लिहावे हा माझा हट्ट असतो. तोंडाने मात्र आम्ही सगळे 'सेन्सर'च म्हणतो, मीसुद्धा.) त्या निमित्ताने मी मुलांना एकच प्रश्न विचारते. पंप कोणत्या आकड्याला सुरू होतो आणि तोच आकडा का? उत्तर क्वचितच मिळते, कारण आकडा मुलाने ठरवलेला नसतो. तो किटबरोबर आलेल्या प्रोग्राममध्ये आधीच लिहिलेला असतो. काही किटमध्ये तर प्रोग्रामही नसतो, पट्टीवरचा निळा स्क्रू थोडा फिरवला की काम भागते. मुलांना दोष द्यायचा नाही. परीक्षक गुण देतात ते मोटर फिरली की नाही हे पाहून.

माझे मत असे आहे की घरी किंवा शाळेत असा सेन्सर बनवायचा असेल तर पहिले काही आठवडे त्याला पंप जोडूच नये. त्याने फक्त सांगावे आणि आपण वहीत लिहावे.

मातीच्या सेन्सरकडून मिळतो तो निव्वळ एक आकडा. आर्डुइनो युनोसारख्या बोर्डावर तो ० ते १०२३ च्या दरम्यान असतो. तो ओलाव्याची टक्केवारी नसतो, लिटर नसतो, काहीच नसतो. समजा, कोरड्या मातीत ८०० दिसला आणि पाणी निथळेपर्यंत भिजवलेल्या मातीत ३५०. मग ५५० म्हणजे काय? पाणी घालावे की थांबावे? हे त्या सेन्सरला ठाऊक नाही, त्याच्या कारखान्यालाही नाही. ते ठाऊक आहे आपल्या शेतकऱ्याला आणि त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. म्हणजे मातीत ओल आहे, पण चिखल नाही, मुळांना हवाही मिळते आहे. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि तो खाली टाकला तर फुटतो. पंजाबकडच्या उर्दूत याच अवस्थेला 'वत्तर' म्हणतात. दोन्ही शब्द एका वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहिण्याचे सुख भाषेच्या शिक्षकालाच कळेल.

म्हणून आमच्या मुलांना मी सांगते, आधी कुंडीतली माती मुठीत दाबून बघा. वाफसा आहे असे वाटले की सेन्सर खोचा आणि आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुदिन्याची पाने कधी मान टाकतात तेही लिहा. पंधरा दिवसांत वहीच सांगेल की तुमच्या कुंडीसाठी, तुमच्या मातीसाठी, तुमच्या सेन्सरवर वाफसा कितीला असतो. शेजारच्या मुलाचा आकडा वेगळा येईल आणि तो यायलाच हवा. आमच्याकडची काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात. सेन्सरभोवती पोकळी तयार होते आणि आत ओल असूनही तो 'कोरडे' म्हणून ओरडतो. नर्सरीतल्या नारळाच्या भुशाचे गणित आणखी वेगळे.

सेन्सरची जातही पाहावी लागते. दोन उघड्या दात्यांचा स्वस्त सेन्सर सतत विजेला जोडून ठेवला तर ओल्या मातीत त्याचे दाते काही आठवड्यांतच झिजतात. शाळेत आपण पाण्याचे विद्युत अपघटन शिकवतो, तेच कुंडीत चालू असते. मोजण्यापुरतीच वीज द्यायची आणि लगेच बंद करायची, हा त्यावरचा उपाय. थोडे जास्त पैसे देऊन कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला तर त्याचा धातू मातीला लागत नाही, तो टिकतो. पण त्याच्या वरच्या कडेला पाणी शिरू द्यायचे नाही. नेलपॉलिशचा एक हात पुरतो.

आता कोणी म्हणेल, एवढे झाल्यावर तरी पंप जोडू द्या. जोडा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. मांजराने सेन्सर मातीतून ओढून काढला तर तो हवेला कोरडी माती समजतो आणि पंप बादली रिकामी होईपर्यंत चालतो. म्हणून पंप एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चालणार नाही आणि नंतर अर्धा तास थांबेल, अशी ओळ प्रोग्राममध्ये हवी. पंपाला वीज बोर्डाच्या पिनेतून न देता वेगळी द्यावी आणि मध्ये रिले किंवा ट्रान्झिस्टर ठेवावा, नाहीतर बोर्ड जातो. ज्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येते, तिथे कुंडीत ओतलेली बादली हा विनोदाचा विषय नसतो.

पण खरे सांगायचे तर कुंडीचे पाणी हा या उपकरणाचा सगळ्यात छोटा उपयोग आहे. माझा जीव अडकला आहे तो पत्र्याच्या खोल्यांत.

एप्रिल-मेमध्ये वर्तमानपत्रात मालेगावचे तापमान छापून येते. ते खोटे नसते. पण ते कुठले असते? हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत असतो. त्याला ऊन लागत नाही आणि वारा मिळतो. सगळ्या जगाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ती पद्धत बरोबरच आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर होते तीही याच पेटीतला पारा किमान ४० अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, अशा हिशेबाने. माझ्या वर्गातली मुले मात्र त्या पेटीत राहत नाहीत. ती पत्र्याखाली राहतात, शेजारी यंत्रमाग चालू असतो आणि खिडकी असलीच तर एक. दुपारी तीनला त्या खोलीत किती तापमान असते? रात्री अकराला किती असते, म्हणजे मूल झोपू पाहते तेव्हा? हे आकडे कुठल्याच कार्यालयात नाहीत. कोणी लपवले आहेत असे नाही. कोणी मोजलेच नाहीत.

ते मोजायला फार काही लागत नाही. ईएसपी८२६६ चा वायफाय असलेला बोर्ड, डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, चार वायरी आणि मोबाइलचा जुना चार्जर. सगळे मिळून हजार रुपयांच्या आत. डीएचटी११ आणखी स्वस्त आहे, पण त्यात दोन अंश इकडे-तिकडे चालतात. म्हणजे दोन डीएचटी११ शेजारी ठेवले तर त्यांच्यात चार अंशांचा फरक पडू शकतो आणि दोघेही कंपनीच्या हिशेबाने बरोबर असतात! डीएचटी२२ मध्ये ही सूट अर्ध्या अंशाची. पॉवर बँकेवर हे चालवायला जाऊ नका. एवढ्या कमी विजेला बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलेच नाही' समजून बंद पडतात. सेन्सर बोर्डाला चिकटवू नये, बोर्ड स्वतः गरम होतो. पत्र्याला टेकवू नये, चुलीवर धरू नये. माणूस झोपतो त्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर टांगावा. आणि सगळ्यात आधी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तापमापकाशेजारी दिवसभर ठेवून दोघांत किती फरक पडतो ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

हे पहिले पान मला फार महत्त्वाचे वाटते. मोबाइलच्या पडद्यावर आलेला आकडा खरा मानायची सवय आपल्या मुलांना आपोआप लागते. आपल्याच यंत्राचा आकडा किती चुकतो हे लिहून ठेवणारे मूल दुसऱ्याच्या आकड्यालाही तोच प्रश्न विचारते. बाजारात एमक्यू१३५ नावाचा वायूचा सेन्सर 'हवेची गुणवत्ता मोजणारा' म्हणून विकला जातो. मुले त्याच्या आकड्यापुढे थेट एक्यूआय लिहितात. तो अमोनियाला, धुराला, अल्कोहोलच्या वाफेला सारखाच हात वर करतो. सूक्ष्म धूळ त्याला दिसतच नाही आणि त्याच्याकडून एक्यूआय काढता येत नाही. धुळीसाठी लेझरचा सेन्सर लागतो. तो महाग आहे आणि दमट हवेत फुगलेल्या कणांमुळे तोही वाढवून सांगतो. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नये.

आर्डुइनो बोर्ड २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया गावात तयार झाला, तो इंजिनीअरांसाठी नव्हे तर डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला, म्हणून तो आज आपल्या परवडीत आला. भाषेच्या बाईंनी यात कशाला पडावे, असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी हा इतिहास ऐकवते. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये २०१५ पासून साध्या नागरिकांनी धुळीचे सेन्सर स्वतः जोडून घराच्या भिंतींवर लावले. पेटी म्हणून प्लंबरकडे मिळणारे पाइपाचे दोन बाक वापरले. आज तसे सेन्सर कितीतरी देशांत आहेत. आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या. मिळतील त्यांना मिळोत. पत्र्याखालचा आकडा तोवर थांबू शकत नाही आणि त्याला २० लाखही लागत नाहीत.

एक आक्षेप मी नेहमी ऐकते : पोरांनी बनवलेल्या डबीचा आकडा कोण मानणार? प्रमाणपत्र कुठे आहे? नाही, आणि न्यायालयात तो चालणारही नाही. पण मे महिन्यात शिकवणी दुपारी ठेवायची की सकाळी, आजीची खाट कोणत्या खोलीत टाकायची, हे ठरवायला प्रमाणपत्र लागत नाही. आणि नगरसेवकाला 'फार उकडते हो' म्हणण्यापेक्षा वीस घरांच्या, तासातासाच्या, एका महिन्याच्या नोंदी पुढे ठेवणे वेगळे. त्याला निदान 'आमच्या यंत्राने मोजू' एवढे तरी म्हणावे लागेल. ते मोजले गेले तर हवेच आहे. मात्र नोंदीवर घराचे नाव-पत्ता लिहायचा नाही, फक्त क्रमांक. घरात माणसे कधी असतात हे आकड्यांवरून कळते, म्हणून हा नियम मोडायचा नाही.

या उन्हाळ्यासाठी माझी एक सूचना आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे छतांना पांढरा रंग देण्याची मोहीम घेतली. आपल्याकडे चुना स्वस्त आहे, पण पत्र्यावर लावून नक्की किती अंश उतरतात यावर गल्लीत नुसते वाद होतात. वाद कशाला? एकाच रांगेतल्या, सारख्या आकाराच्या दोन खोल्या निवडा. दोन सेन्सर घ्या. पहिला आठवडा दोन्ही पत्रे आहेत तसेच राहू द्या, म्हणजे खोल्यांमध्ये मुळात किती फरक आहे ते कळेल. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला एका पत्र्याला पांढरा हात द्या, दुसऱ्याला नको. आठवडा संपला की सेन्सरांची अदलाबदल करा, इकडचा तिकडे, आणि आणखी एक आठवडा चालू ठेवा, म्हणजे दिसलेला फरक पत्र्याचा आहे की सेन्सरचा हे उघड होईल. रोजच्या नोंदीत दुपारी तीन आणि रात्री अकरा हे दोन तास लाल शाईने लिहा. वीज गेली असेल तर ती जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. तीन आठवडे संपले की ज्या घराचा पत्रा काळा राहिला, त्यालाही चुना लावून द्यायचा. त्याचा खर्च वर्गणीतून, आणि तो सेन्सर विकत घेण्याआधीच बाजूला काढून ठेवायचा.