काचपेटीतील ऊब



ग्वाल्हेरच्या बाजूस पौष-माघातली थंडी कशी हाडांत शिरते, हे तेथील कुटुंबांस सांगावयास नको. काही रात्री पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. आपण रजई ओढून घेतो. परंतु मुलांनी हौसेने काचपेटीत पाळलेल्या गप्पी, मोली ह्या चिमुकल्या माशांचे काय? त्यांच्या देहाची उष्णता भोवतालच्या पाण्याइतकीच असते. स्वतःची ऊब निर्माण करणे त्यांस साधत नाही, आणि तळ्यातल्या माशांप्रमाणे खोल पाण्याचा आसराही त्यांस नाही. सबब, ज्याने त्यांस पेटीत ठेवले, त्यानेच त्यांच्या उबेची काळजी वाहिली पाहिजे.

ह्या माशांस साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी मानवते. पाणी गार पडले की मासा तळाशी निपचित बसतो, अन्नास तोंड लावीत नाही, आणि त्या दुबळ्या देहास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन जडतो.

अशा वेळी पुष्कळजण घाईने मोठा हीटर आणतात व पुढे विजेचे बिल पाहून कपाळास हात लावतात. वास्तविक, आधी असलेली ऊब राखावी. मग उणी पडेल तेवढीच विकत घ्यावी. उघड्या पेटीतून उष्णता वाफेवाटे फार जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जी उष्णता नेते, तेवढ्यात पन्नास लिटर पाणी अकरा अंशांनी तापेल! म्हणून पहिला उपाय काचेच्या झाकणाचा. हवेपुरती फट मात्र असू द्यावी. दुसरा उपाय, पाठीमागे, दोन्ही बाजूंस व पेटीखाली थर्मोकोलचे तक्ते लावणे. तिसरा, पेटी खिडकीपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर, घराच्या आतल्या खोलीत ठेवणे.

एवढे झाल्यावर हीटर घ्यावा. एका लिटरमागे एक वॅट हा साधारण हिशेब. खोली फारच थंड असल्यास दीडपट ते दुप्पट. ठरावीक उष्णतेस आपोआप बंद होणाराच निवडावा. १०० वॅटचा हीटर दहा तास सतत चालला म्हणजे एक युनिट वीज जळते. झाकलेल्या पेटीत त्यास वरचेवर विसावा मिळतो, आणि बचत होते ती तेथे. हवेच्या बुडबुड्यांजवळ तो बसविल्यास ऊब सर्वत्र पसरते. पाण्यात हात घालण्यापूर्वी त्याचा प्लग अवश्य काढावा, आणि तप्त हीटर पाण्याबाहेर कधीही काढू नये, काच तडकते.

रात्री वीज गेली तर गोंधळून गरम पाणी ओतू नये. अशा अचानक बदलाने मासे दगावतात. पेटीभोवती घोंगडी गुंडाळावी, बूच घट्ट लावलेली गरम पाण्याची बाटली आत तरंगत सोडावी, आणि पाणी तासाला एखाद्या अंशानेच चढू द्यावे. पाणी गार असेतो खाणेही कमी द्यावे. न पचलेले व उरलेले अन्न पाणी नासविते.

ज्यांस हीटरचा खर्च झेपत नाही, त्यांनी गोल्डफिश पाळावेत. त्यांस थंड पाणी सोसते. मात्र पेटी ऐसपैस हवी. जे पाळाल ते पाळा. पण सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर पाहण्याचे काम घरच्या मुलांकडे सोपवा. मुक्या जिवाची निगा राखण्याची सवय त्यांस लहानपणीच लागलेली बरी.