रेशनच्या गव्हाचा हिशोब: शेगावचा धडा नळदुर्गने का घ्यावा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात डिसेंबर 2024 अखेरीस लोकांचे केस मुठीने गळू लागले. डोके खाजायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. लहान मुले, तरुण मुली, म्हातारी माणसे, कुणी सुटले नाही. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. एप्रिल 2025 मध्ये त्याच भागात लोकांची नखे कमजोर होऊन गळायला लागली, तेव्हा पुन्हा बातम्या आल्या. नंतर सगळे शांत झाले.

पण विषय संपलेला नाही. तो नळदुर्गच्या प्रत्येक रेशनकार्डधारक घरापर्यंत येतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे, स्वतः तिथल्या गावांत गेले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम खूप जास्त निघाले. त्यांच्या मते हे सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले. तपासलेल्या नमुन्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम असल्याचे त्यांनी सांगितले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला होता. पंजाबात शिवालिक डोंगराच्या पायथ्याला, होशियारपूर-नवांशहर भागात, काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे.

सेलेनियम म्हणजे काही विष नव्हे. थायरॉईडला आणि रोगप्रतिकारशक्तीला ते लागते, पण अगदी चिमूटभराहून कमी. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरते आणि 400 च्या वर सतत गेले तर धोका सुरू होतो. आता हिशोब करा. 100 ग्रॅम पीठ म्हणजे तीन-चार चपात्या. वरच्या नमुन्यासारखा गहू असेल तर तेवढ्यातच 1,452 मायक्रोग्रॅम पोटात जाते, म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटीहून जास्त.

केस आणि नखेच का? ती केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात आणि त्याची मजबुती गंधकाच्या जोडांवर उभी असते. सेलेनियम रसायनात गंधकाचे भावंडच. ते जास्त झाले की गंधकाच्या जागी जाऊन बसते आणि जोड कच्चा पडतो. चीनच्या एन्शी भागात 1960 च्या दशकात असेच झाले होते, तिथेही लोकांचे केस आणि नखे गेली. चांगली गोष्ट ही, की खाणे बदलले की बहुतेकांचे केस परत येतात. पण एक लक्षात ठेवा: सेलेनियम दाण्याच्या आत असते. गहू निवडून, पाखडून, धुऊन ते जात नाही.

आपल्या भागाचे अन्न मुळात ज्वारी. बोरी नदीच्या काठच्या काळ्या रानात पिकलेली शाळू, सोबत तूर-हरभऱ्याची डाळ. अशा मिश्र ताटात एखाद्या धान्यातला दोष वाटला जातो. पण गेल्या काही वर्षांत मजुरीवर जगणाऱ्या घरांत ज्वारी महाग आणि रेशनचा गहू फुकट, असे चित्र झाले आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट आहे. तो हक्क कुणी सोडू नये. घाबरून गहू फेकून द्या, असेही कुणी सांगत नाही. प्रश्न इतकाच: ते धान्य खाण्यालायक आहे हे तपासतो कोण? पोत्यातली ओल, किडे, खडे बघितले जातात. सेलेनियम, शिसे यांसारखे घटक डोळ्याला दिसत नाहीत. त्यांना प्रयोगशाळा लागते.

दुसरी गोष्ट बदनामीची. शेगावच्या तरुण मुली घराबाहेर पडायला लाजू लागल्या, साथीचा रोग समजून लोक त्या गावांपासून लांब राहू लागले. आजाराच्या नावाने माणसांना वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाने 2020 मध्ये तबलिगी जमातीच्या प्रकरणात भोगले आहे. त्यात बळीचा बकरा केला गेला, असे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट म्हटले. म्हणून दुसऱ्या गावावर अशी वेळ आली तर आपण तरी अफवा पुढे ढकलू नये.

मग करायचे काय? कायद्याच्या कलम 29 प्रमाणे प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती असायला हवी. नळदुर्गच्या दुकानांची समिती आहे का, तिच्यात आपल्या मोहल्ल्यातली एखादी महिला आहे का, हे तुळजापूर तहसीलला लेखी विचारा. धान्य खराब वाटले तर 1967 वर तक्रार करा. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 40 नुसार विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना फी भरून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. चार घरांत एकदम केस किंवा नखे गळू लागली, तर ते गुपित ठेवू नका. सरकारी दवाखान्यात नोंद करा आणि घरातला मूठभर गहू बाजूला ठेवा.

हलाल आहे का, हे आपण बारकाईने विचारतो. पण दीनने हलालसोबत तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि निर्दोष, ही अटही घातली आहे. रेशनच्या गव्हालाही ती लागू होते, आणि ती पाळली जाते की नाही हे सरकारला विचारणे आपले काम आहे.